निर्दोष आहे, म्हणूनच काचेत नको

पिरान्हा या माशाबद्दल आज दोन मते ऐकू येतात. पहिले जुने आणि सर्वांना ठाऊक असलेले: हा दक्षिण अमेरिकेतला रक्ताला चटावलेला मासा, झुंडीने येतो आणि पाण्यात उतरलेल्या जनावराचा काही मिनिटांत सांगाडा करतो. दुसरे मत गेल्या काही दशकांत तयार झाले आणि मासे पाळणाऱ्या जाणकार मंडळींत आता तेच रूढ आहे: पिरान्हा फुकट बदनाम झाला, मुळात तो भित्रा आहे, टाकी मोठी असेल, पाणी स्वच्छ असेल आणि पाळणारा समजूतदार असेल, तर तो घरी पाळायला हरकत नाही.

पहिले मत खोडून काढायला आता फारसे कष्ट पडत नाहीत. मला वाद घालायचा आहे तो दुसऱ्याशी. ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर उरलेले अर्धे खपून जाते. पिरान्हा भित्रा आहे, हे निरीक्षणांनी आणि प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. ‘म्हणून तो घरी पाळावा’ हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. उलट, ज्या पुराव्याने पिरान्हा निर्दोष ठरतो, तोच पुरावा त्याला घरातल्या काचपेटीत ठेवू नये असे सांगतो. एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडला, तर तो चार विधानांचा होतो. एक, पिरान्हा माणसाला घातक नाही. दोन, तो कळपाने राहणारा मासा आहे आणि मोठ्या टाकीत कळप ठेवता येतो. तीन, तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही, काटक आहे, दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त जगतो. अर्थात काचेत तो सुखात असला पाहिजे. चार, टाकीत त्याची वीण होते. टाकीत जन्मलेली पिल्ले घेतली तर नदीचे काहीच बिघडत नाही. ही विधाने करणारे लोक माशांवर प्रेम करणारे आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या अनुमानाबद्दल आहे.

पहिले विधान मला मान्य आहे. ते का मान्य आहे हे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

पिरान्ह्याची दहशत जगभर पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा थिओडोर रूझवेल्ट यांचा. अमेरिकेचे हे माजी राष्ट्राध्यक्ष 1913-14 मध्ये ब्राझीलचे कर्नल कांदिदो रोंदोन यांच्याबरोबर एका अज्ञात नदीच्या शोधात गेले होते. 1914 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी पिरान्ह्याला जगातला सर्वांत हिंस्र मासा ठरवले. पुढचे काम सिनेमाने केले. 1967 च्या एका जेम्स बाँडपटात खलनायकाच्या हौदात पिरान्हे होते, आणि 1978 साली जो डँटे यांनी या माशाच्या नावाचाच भयपट काढला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात हीच प्रतिमा बसली.

प्रत्यक्ष निरीक्षण वेगळे सांगते. ब्राझीलचे प्राणिशास्त्रज्ञ इव्हान साझिमा आणि त्यांचे सहकारी पांतानालच्या दलदलीत स्वतः पाण्याखाली उतरले आणि त्यांनी पिरान्ह्यांच्या तीन जाती शिकार करताना न्याहाळल्या. हे निरीक्षण 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते असे: पिरान्हा दबा धरतो, हळूच मागून येतो, दुसऱ्या माशाच्या परांचा किंवा शेपटीचा तुकडा तोडतो, काही जाती खवले खरवडून खातात. पूर्ण वाढलेला लाल पोटाचा पिरान्हा मासे खातो, तसेच किडे, बिया आणि मेलेल्या प्राण्यांचे मांसही खातो. नदीतले मृतदेह साफ करणे हे त्याचे एक मोठे काम आहे. पिरान्ह्यांनी खाल्लेली म्हणून दाखवली जाणारी माणसांची प्रेते बहुधा आधीच बुडून मेलेली असतात.

चाव्यांचे काय? आग्नेय ब्राझीलमध्ये नद्या अडवून केलेल्या जलाशयांत पोहणाऱ्यांना पिरान्हे चावल्याच्या घटना व्हिदाल हद्दाद आणि साझिमा यांनी अभ्यासल्या आणि 2003 मध्ये मांडल्या. तिथे झुंडीचा हल्ला आढळला नाही. सहसा एका माणसाला एकच चावा, तोही बहुतेक पायाला. कारण असे की बांध घातल्यावर पाणी संथ झाले, पाणवनस्पती वाढल्या, पिरान्ह्यांनी त्यांत घरटी केली, आणि अंडी राखणाऱ्या माशाच्या अगदी जवळ माणसाचा पाय पडला. आईबापाने पिल्लांसाठी दिलेला तो इशारा होता.

झुंडीचे कोडे सोडवले ते स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या ॲन मॅगरन आणि ब्राझीलचे हेल्दर केरोझ यांनी. मामिराउआ हे ॲमेझॉनच्या काठचे, दरवर्षी पुराखाली जाणारे अरण्य. तिथे केलेले त्यांचे काम 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पिरान्ह्यांना कधी दोनच्या, कधी आठच्या गटात ठेवले आणि कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप मोजली, म्हणजे मासा किती धापा टाकतो ते पाहिले. आठांच्या गटातले मासे दोघांच्या गटातल्या माशांपेक्षा शांत श्वास घेत होते. भक्षकाच्या हल्ल्याचा आभास निर्माण केल्यावर मोठ्या गटातला मासा लवकर सावरत होता. पिरान्हा झुंड करतो ती शिकारीसाठी असते, ही समजूत इथे कोलमडली. सुसरीची नातलग कैमान, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे, प्रचंड आकाराचा आरापाइमा मासा हे सगळे पिरान्हा खातात. त्यांच्या भीतीने तो सोबत शोधतो.

इथवर पूर्वपक्ष आणि मी एकाच वाटेवर आहोत. वाट फुटते ती यापुढे.

भित्रा प्राणी माणसाला सुरक्षित असतो, हे खरे. पण ‘पाळण्याजोगा’ या शब्दात दोन प्रश्न आहेत: तो आपल्याला बाधेल का, आणि आपण त्याला बाधू का? जाणकारांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवले आणि दुसरा विचारायचा राहून गेला. मॅगरन-केरोझ यांचा प्रयोग तर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. सोबत कमी पडली की या माशाचा श्वास वाढतो, आणि हा वाढलेला श्वास वरून दिसत नाही. पाळणाऱ्याला दिसतो तो टाकीच्या कोपऱ्यात स्तब्ध उभा राहिलेला, पाहुण्यांना जरा निराश करणारा मासा. दिवाणखान्यात दिवा लागला, कोणी काचेजवळून झपकन गेले, की हाच मासा उसळून काचेवर तोंड आपटतो. पळून लपायला त्याला जागा हवी असते, आणि काचपेटी तर सगळ्या बाजूंनी दिसावे म्हणूनच बनवलेली असते. एखादा मासा स्वभावाने भित्रा आहे असे आपणच सिद्ध करायचे आणि मग त्याला घरातल्या सर्वांत वर्दळीच्या खोलीत उजेडात ठेवायचे, यात विसंगती आहे.

दुसरे विधान कळपाचे. ‘एकटा ठेवू नका, कळप ठेवा’ हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो. तो हिशेबात बसवून पाहू. टाकीत वाढलेला लाल पोटाचा पिरान्हा साधारण 25 ते 30 सेंटिमीटर लांब होतो. घरात ज्याला ‘मोठी टाकी’ म्हणतात ती चार फुटांची, म्हणजे लांबी 120, रुंदी 45, उंची 45 सेंटिमीटर. तिच्यात काठोकाठ भरले तरी पाणी 243 लिटर. या टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर माशाच्या पाच लांब्यांहून कमी, आणि आडवे वळायला दोन लांब्यांहूनही कमी. यात आठ मासे राहणार. आकार वाढवून सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी केली, तर पाणी साडेसहाशे लिटरच्या आसपास जाते. साडेसहाशे किलो वजनाचे पाणी, वर काच, वाळू, दगड आणि स्टँड, एवढा भार फ्लॅटच्या एका भिंतीशी येतो. तरीही लांबी माशाच्या सात लांब्यांच्या आसपासच राहते.

आता हे आकडे नदीशेजारी ठेवा. मामिराउआच्या परिसरात पाण्याची पातळी वर्षाकाठी 10 ते 12 मीटरने वरखाली होते. पावसाळ्यात नदी अरण्यात शिरते, झाडांच्या फांद्यांमधून मासे फिरतात, खाणे मुबलक असते, पिरान्हे विखुरतात, पाण्याखाली गेलेल्या गवतात घरटी करतात. पाणी ओसरले की हेच मासे आकसत जाणाऱ्या तळ्या-डबक्यांत अडकतात. गर्दी वाढते, खाणे संपते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मग ते एकमेकांना तोडू लागतात आणि पाण्यात पडणाऱ्या कशावरही तुटून पडतात. पिरान्ह्याबद्दलच्या भयकथांना जो काही खरा आधार आहे, तो या उन्हाळी डबक्यांत आहे.

घरातली टाकी या दोन ऋतूंपैकी कोणत्या ऋतूसारखी आहे? जागा बांधलेली, मासे जास्त, लपायला आडोसा नाही, खाणे मिळते ते एकाच जागी, आणि तेही कोणीतरी टाकले तर. टाकी म्हणजे बारा महिने चालणारा उन्हाळा आहे. रानात हा हंगाम पाऊस पडला की संपतो. टाकीत पाऊस पडत नाही. म्हणून टाकीतल्या पिरान्ह्यांचे पर तुटलेले असतात, एखाद्याचा डोळा गेलेला असतो, कधी सकाळी एक मासा कमी भरतो. ‘सुरुवातीला चार-दोन पिल्ले जास्तच घ्या, काही खाल्ली जातील’ असा सल्ला या छंदात सहज दिला जातो. या सल्ल्याचा अर्थ नीट ऐकला पाहिजे. कळप हे ज्या माशाचे संरक्षण, त्याच्यासाठी आपण अशी जागा केली की कळप हाच धोका झाला.

या बाबतीत बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांचे 2011 चे काम फार बोलके आहे. लाल पोटाचे पिरान्हे तीन तऱ्हेचे आवाज काढतात असे त्यांना आढळले. समोरासमोर उभे ठाकताना एक, खाण्यावरून झगडताना एकमेकांभोवती घिरट्या घेत असताना दुसरा, आणि पाठलाग करताना दात वाजवून तिसरा. पहिले दोन आवाज पोहण्याच्या पिशवीला लागून असलेल्या स्नायूंच्या झपाट्याने होणाऱ्या आकुंचनातून येतात. म्हणजे चावण्याआधी धमकी देण्याची पूर्ण व्यवस्था या माशाजवळ आहे. धमकीचा उपयोग मात्र समोरच्याला माघार घ्यायला जागा असेल तरच होतो. नदीत धमकावलेला मासा दूर जातो आणि भांडण तिथेच मिटते. टाकीत तो जिथे जाईल तिथे धमकावणारा दोन हातांवर असतो. काळ्या पिरान्ह्याच्या जबड्याचा जोर 320 न्यूटन, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तीसपट, एवढा मोजला गेला आहे. त्या जबड्याला न वापरता राहण्याची सोय निसर्गाने केली होती. ती सोय आपण काढून घेतली.

तिसरे विधान: खातो, काटक आहे, खूप जगतो, म्हणजे सुखात आहे. जगणे आणि बरे असणे यांत फरक आहे हे आपण गोठ्यातल्या गाईबद्दल आणि पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल मानतो. माशाबद्दलही मानायला हवे. काटक मासा वाईट पाण्यात मरत नाही, तो त्यात राहतो. मांसाहारी माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या मांसातून टाकीत अमोनिया तयार होतो; फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासे मोठे आणि खाणे मांसाचे असेल, तर हे चक्र सतत ताणलेले राहते. आठवड्याला टाकीतले बरेच पाणी बदलावे लागते, तेही क्लोरीन काढून. हे पहिल्या वर्षी उत्साहाने होते. दहा वर्षे चालवायचे म्हटले तर त्यात बदल्या, लग्ने, नवी घरे, परीक्षा, आजारपणे सगळे येते. पिरान्ह्याचे आयुष्य पाळणाऱ्याच्या हौसेपेक्षा लांब आहे, आणि काटकपणाचा हा गुणच त्याच्या मुळावर येतो.

खाण्याबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पिरान्ह्याला पेलेटची आणि कापलेल्या माशांची सवय लावता येते. तरीही अनेक घरांत त्याला जिवंत गोल्डफिश टाकला जातो, आणि तो क्षण बघायला मित्रांना बोलावले जाते. आहार म्हणून हे वाईट आहे: गोल्डफिशच्या शरीरात थायामिनेज हे विकर असते, ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकते, शिवाय दुकानातल्या दाटीवाटीच्या टाकीतले रोग त्याच्याबरोबर येतात. पण प्रश्न आहाराचा कमी आणि पाहणाऱ्याचा जास्त आहे. पिरान्हा हिंस्र नाही असे सांगणाऱ्या छंदाला त्याच्या हिंस्रपणाचा देखावा का हवा असतो? कारण शांतपणे बिया आणि किडे शोधणारा मासा पाहायला कोणी पिरान्हा विकत घेत नाही. तो घेतला जातो त्याच्या नावासाठी, आणि नाव मिळाले ते त्याच बदनामीतून. जाणकार तोंडाने जी प्रतिमा पुसतात, तीच बाजारात त्याची किंमत ठरवते. माझ्या मते पूर्वपक्षातली ही सर्वांत गंभीर फट आहे.

चौथे विधान नदीचे. टाकीत जन्मलेल्या पिल्लांमुळे ॲमेझॉनमधून मासे पकडावे लागत नाहीत, हे बरोबर आहे. पण हिशेबात नद्या दोन आहेत: मासा जिथून आला ती, आणि तो जिथे सोडला जाईल ती. दुसरी नदी आपली आहे.

पाळलेला मासा नकोसा झाला की आपल्याकडे त्याला तळ्यात, नदीत किंवा विहिरीत सोडतात. सोडणाऱ्याला ते पुण्याचे काम वाटते. जीव मारला नाही, मोकळा केला, अशी त्याची भावना असते. या चांगुलपणाचे परिणाम पाहायला लांब जायला नको. टाकीच्या काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घेतला जाणारा सकर मासा उजनीच्या जलाशयात पोहोचला. अंगावरच्या कठीण काट्यांनी तो जाळी फाडतो आणि खायला कोणी घेत नाही. केरळात 2018 च्या महापुरानंतर आरापाइमा आणि ॲलिगेटर गारसारखे परदेशी मासे नद्यांत सापडले, कारण पुराने बंदिस्त पाण्याच्या कडा पुसल्या. चीनमधल्या ल्यूजौ शहरात 2012 साली नदीत माणसाला पिरान्हा चावल्यावर प्रशासनाला पिरान्हा पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करावे लागले. ॲमेझॉनपासून अर्ध्या पृथ्वीवर असलेल्या त्या नदीत हा मासा आपणहून पोहत गेला नव्हता.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपल्या पाण्यातले सर्वांत मोठे परदेशी आक्रमण छंदातून आलेले नाही. चिलापी 1952 मध्ये मत्स्यशेतीसाठी देशात आणली गेली आणि आज आपल्या कित्येक धरणांत तीच भरून राहिली आहे. आफ्रिकी मांगूर धंद्यासाठी आला. 2000 साली केंद्राने बंदी घातल्यावरही त्याची शेती चालू राहिली आणि राज्यात अनेक ठिकाणी साठेच्या साठे नष्ट करावे लागले. मग हौशी माणसालाच का धरायचे? त्याचे उत्तर असे की चिलापी आणि मांगूर यांनी आपल्याला धडा दिला आहे, सवलत नाही. एकदा पसरलेला मासा परत गोळा करता येत नाही, हे आपण दोनदा किंमत मोजून शिकलो. तिसऱ्यांदा शिकायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप: पिरान्हा आपल्या पाण्यात टिकेल याला पुरावा काय? युरोपातल्या तळ्यांत अधूनमधून सापडलेले पिरान्हे थंडीत मरतात. तो दिलासा आपल्याला नाही. पिरान्ह्याला 24 ते 28 अंश सेल्सियस पाणी मानवते, आणि आपल्या सखल भागातले पाणी वर्षातला मोठा काळ असेच असते. मामिराउआत त्याच्या विणीचे वर्षाला दोन हंगाम आढळले आहेत. मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि आईबाप ती राखतात. बांध घातलेल्या संथ पाण्यात तो किती चटकन घरटी करतो, हे ब्राझीलमधल्या जलाशयांनीच दाखवले. असे जलाशय महाराष्ट्राइतके देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. तो इथे नक्की रुजेल असे मी म्हणत नाही. जिथे चूक दुरुस्त करता येत नाही, तिथे निर्धोकपणा सिद्ध करण्याची जबाबदारी आणणाऱ्यावर असते, एवढेच म्हणतो. आणि पणाला काय लागले आहे? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय नोंद केली. कोळ्यांच्या तोंडची मराठी नावे त्यांतल्या अनेकांना शास्त्रीय नाव म्हणून कायमची मिळाली. भीमा-कृष्णेतले ते मासे धरणे, वाळूउपसा आणि चिलापी यांच्या कचाट्यात आधीच आहेत.

यात दुकानांतला एक गोंधळही लक्षात घ्यावा. ‘रेड पिरान्हा’ किंवा ‘शाकाहारी पिरान्हा’ म्हणून विकले जाणारे लाल पोटाचे पिल्लू पुष्कळदा पिरान्हा नसतेच. तो असतो पाकू, मासळीबाजारात रूपचंद या नावाने मिळणारा त्याचा नातलग. लहानपणी दोघे सारखे दिसतात. तोंड उघडून पाहिले तर फरक कळतो: पिरान्ह्याचे दात त्रिकोणी आणि धारदार, पाकूचे आपल्या दाढांसारखे चपटे, बिया फोडण्यासाठी. पाकू दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो. पिरान्ह्याला अपुरी पडणारी टाकी पाकूला तर काहीच नाही. आपल्याकडे ‘नदीत पिरान्हा सापडला’ अशी बातमी येते तेव्हा तो बहुतेक वेळा हाच असतो. जे विकले जाते त्याचे नावही जिथे खात्रीने सांगितले जात नाही, त्या बाजाराच्या भरवशावर ‘समजूतदार पाळणाऱ्या’चा युक्तिवाद उभा राहू शकत नाही.

खंडन झाले, आता मंडन. कोणी विचारेल, मग मासे पाळूच नयेत का? मी तसे मानत नाही. मासे पाळल्याने मुलाला पाणी म्हणजे काय हे कळते, जिवाणूंचे काम कळते, रोज दुसऱ्या जिवाची काळजी घेण्याची सवय लागते. सार्वजनिक मत्स्यालयांनाही माझा सरसकट विरोध नाही. हजारो लिटरची टाकी, प्रशिक्षित माणसे, पशुवैद्य आणि बंदिस्त सांडपाणी असेल, तर तिथे लोकांच्या डोळ्यांसमोर पिरान्ह्याची खरी ओळख उभी करता येते, आणि ती करावी. जिथे हे नाही, तिथे मत्स्यालयालाही घरचाच नियम लागू.

नियम मी तीन प्रश्नांत बांधतो. पूर्ण वाढलेल्या माशाला आपली टाकी पुरेल का, दुकानातल्या पिल्लाला नव्हे? त्याच्या स्वभावाला जेवढी सोबत लागते तेवढी देऊनही भांडण टाळायला जागा उरेल का? आणि उद्या तो आपल्या हातून निसटला तर इथल्या पाण्याचे काय होईल? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर मासा घरी आणावा. पिरान्हा तिन्हींत नापास होतो. पाकू, आरापाइमा, ॲलिगेटर गार हेही होतात. उलट आपल्या देशातल्याच पाण्यातले डॅनिओ, छोटे बार्ब, रास्बोरा हे बोटाएवढे मासे चार फुटांच्या टाकीत दहा-पंधराच्या थव्याने मोकळे फिरू शकतात. तेही पैदास केलेलेच घ्यावेत; केरळ-कर्नाटकातल्या डेनिसन बार्बची छंदासाठी इतकी पकड झाली की त्याची नदीतली संख्या घटली. आणि देशी असले तरी एका खोऱ्यातले मासे दुसऱ्या खोऱ्यात सोडू नयेत.

ज्यांच्या घरी आज पिरान्हा आहे, त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. त्यांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळावे, टाकीत दाट आडोसे करावेत, उजेड मंद ठेवावा, जिवंत मासे टाकणे बंद करावे. सांभाळणे अशक्य झाले तर दुसऱ्या सक्षम माणसाकडे किंवा संस्थेकडे द्यावा. तेही जमत नसेल तर पशुवैद्याच्या मदतीने त्याला वेदनारहित मरण देणे नदीत सोडण्यापेक्षा दयेचे आहे, हे कठीण वाटले तरी स्वीकारावे. विक्रेत्यांवरही एक बंधन हवे: प्रत्येक मोठ्या माशाच्या टाकीवर त्याचे खरे नाव, पूर्ण वाढ आणि आयुष्य ठळक लिहिलेले असावे. परदेशी जिवंत मासे देशात आणायला केंद्राची परवानगी लागते, पण एकदा आत आलेला मासा कुठे कुठे जातो यावर लक्ष ठेवणारे कोणी नाही. ते काम राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने अंगावर घ्यावे.

ज्या जाणकारांशी मी इथे वाद घातला, त्यांचे एक ऋण मान्य करतो. पिरान्ह्यावरचा शतकभराचा आरोप खोटा आहे, हे सामान्य लोकांपर्यंत त्यांनीच पोहोचवले. आता त्यांनी आपलेच म्हणणे तडीस न्यावे. जो मासा भीतीने कळप करतो, धमकी देऊन भांडण टाळतो, पुराबरोबर अरण्यात पसरतो आणि नदी साफ ठेवतो, त्याच्या गरजा चार फुटांत भागत नाहीत. त्याच्याविषयी आपल्याला जे कळले ते दुसऱ्यांना शिकवावे, मामिराउआसारखी अरण्ये टिकावीत म्हणून बोलावे, आणि दुकानात त्याचे पिल्लू दिसले तर ते विकत घेऊ नये.